फेनरिझबद्दल फिरणारी ती गोष्ट चुकीची आहे

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (मुद्दाम खरखरीत ठेवलेलं, काळोख्या वळणाचं हेवी मेटल) बँडच्या फेनरिझबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय, मला एकट्यालाच तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: नॉर्वेचा हा ब्लॅक मेटलवाला तरुणपणी चर्च जाळणाऱ्या टोळीतला, वाद्य धड वाजवता येत नव्हतं म्हणून खरखरीत आवाजात रेकॉर्डिंग करायचा, बँड चालला नाही म्हणून पोस्टात चिकटला, आणि शेवटी मत देऊ नका म्हणत असतानाही लोकांनी त्याला नगरसेवक करून टाकला. वाचायला मजा येते, पण मी हा बँड कॉलेजपासून ऐकतोय आणि यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठेतरी वाकडं आहे.

आधी वाजवता येत नव्हतं हे घ्या, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. फेनरिझ म्हणजे ग्युल्वे नागेल, जन्म 1971, ऑस्लोच्या दक्षिणेला कोल्बोट्न नावाचं छोटं उपनगर आहे तिथला. बँडचा पहिला अल्बम सोलसाइड जर्नी 1991 चा, आणि तो ब्लॅक मेटल नाहीच, चक्क डेथ मेटल आहे, म्हणजे जड आणि गुंतागुंतीचं मेटल, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत जाऊन केलेला. त्या काळात डेथ मेटलवाल्यांसाठी ती पंढरीच होती. त्यातले ड्रम्स नीट ऐका, ताल दर थोड्या वेळाने बदलतो, रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) मधेच मोडून दुसरीकडेच वळते, विशीच्या आतबाहेरची पोरं होती ही. त्याच धाटणीचा पुढचा अल्बम जवळपास तयार होता, तो बाजूला ठेवून त्यांनी 1992 मध्ये अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय हा ब्लॅक मेटल अल्बम काढला, आणि त्यांच्या इंग्लंडच्या पीसव्हिल या रेकॉर्ड कंपनीला तो पटला नाही, आवाज फार पातळ आहे, मिक्सिंग परत करा म्हणाले. पोरं म्हणाली की आहे तसाच काढा, नाहीतर आम्ही दुसऱ्या लेबलकडे जातो. कंपनीला ऐकावं लागलं. आता मला सांगा, ज्याला वाजवता येत नाही तो हातातलं तयार काम बाजूला सारून, कंपनीशी भांडून, मुद्दाम अवघड रस्ता का धरेल?

आणि ट्रान्सिल्व्हेनियन हंगर, 1994. हा अल्बम फेनरिझने फोर-ट्रॅकवर केला, गिटार, बेस, ड्रम्स तिन्ही एकट्याने, बँडमधला त्याचा जोडीदार नॉक्टुर्नो कुल्टो याने फक्त गायलंय. फोर-ट्रॅक म्हणजे आवाज चारच पट्ट्यांवर नोंदवणारं साधं रेकॉर्डिंग यंत्र, अख्खं संगीत त्या चारांतच मावायला हवं. पहिलं गाणं लावलं की सुरुवातीला गिटारची ती एकच रिफ येते, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) इतकं भरभर चाललेलं असतं की सूर सुटे ऐकूच येत नाहीत, पावसाच्या झडीसारखी एक सलग चादर होते, आणि खाली ड्रम्स एकाच चालीत, कुठेही दिखाऊपणा नाही. सोलसाइडमध्ये दर थोड्या वेळाने ताल बदलणारा माणूस इथे मिनिटंच्या मिनिटं हात बांधून ठेवतो. मी स्वतः थोडं ड्रम वाजवतो म्हणून सांगतो, काहीही न बदलता तसं वाजवत राहणं आणि ऐकणाऱ्याला खिळवून ठेवणं भलतंच अवघड आहे.

आता चर्चचा मुद्दा. 1992 पासून नॉर्वेत चर्च जळली हे खरं, तिथल्या ब्लॅक मेटल वर्तुळातल्या काहींना शिक्षा झाल्या, बर्झम हा एकट्याचा बँड चालवणाऱ्या व्हार्ग विकर्नेसला तर जाळपोळ आणि मेहेम बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा खून मिळून 21 वर्षं झाली. फेनरिझ या सगळ्यांना ओळखत होता, पण चर्च जाळल्याच्या कुठल्याही खटल्यात त्याला शिक्षा झालेली नाही. ओळख होती म्हणून जाळणाऱ्यांतला, हा कुठला न्याय.

पण त्याची बाजू घेतोय म्हणून खरं झाकणार नाही. ट्रान्सिल्व्हेनियन हंगरच्या मागच्या कव्हरवर नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल अशा अर्थाची ओळ छापली होती, चार गाण्यांचे शब्द विकर्नेसचे होते, आणि अल्बमसोबत बँडने जे निवेदन दिलं त्यात ज्यूंबद्दल घाणेरडं वाक्य होतं. गदारोळ झाल्यावर माफी मागितली, नंतरच्या छपाईत ती ओळ गेली. हे वाईटच होतं, वय कमी होतं वगैरे कारण मला पुरेसं वाटत नाही. त्याच्यावर राग काढायचाय तर यावर काढा ना, हे खरं घडलेलं आहे. गंमत बघा, फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच नाहीये.

नगरसेवकाची गोष्ट तर निम्मीच सांगितली आहे. तिथल्या व्हेन्स्त्रे नावाच्या लिबरल पक्षाने त्याला विचारलं, यादीत नाव टाकू का, आणि खाली कुठेतरी अठराव्या नंबरवर असेन, काही करावं लागणार नाही असं समजून तो हो म्हणाला. मग मांजर हातात धरलेला फोटो टाकला, कृपया मला मत देऊ नका, म्हणून. पण नॉर्वेत स्थानिक निवडणुकीत पक्षाला मत देताना यादीतल्या आवडत्या माणसाला वेगळं वैयक्तिक मतही देता येतं, त्यामुळे खालचा माणूस वर सरकतो. लोकांनी दिली मतं. तरीही तो पूर्ण सदस्य नाही झाला, बदली सदस्य झाला, म्हणजे मूळ सदस्य येऊ शकला नाही तर जाऊन बसायचं. 2016 मध्ये त्याने एका मुलाखतीत हे सांगितलं आणि बातमी जगभर गेली, पण जाताना बदली हा शब्द गळून पडला.

राहिला पोस्टाचा विषय, आणि इथे मला खरंच राग येतो. त्याने वर्षानुवर्षं टपाल खात्यात नोकरी केली हे बरोबर, पण बँड बुडाला म्हणून?? बँड बुडालाच कुठे? 1991 पासून आजवर वीसेक अल्बम आलेत, 2024 मध्ये इट बेकन्स अस ऑल आला. 1996 नंतर ते स्टेजवर गेले नाहीत, आणि ते बोलावणारं कुणी नव्हतं म्हणून नाही, जगभरातल्या फेस्टिव्हलवाल्यांनी आनंदाने घेतलं असतं. सार्डोनिक रॅथ 2004 चा, त्याला नॉर्वेतल्या एका पुरस्काराचं नामांकन मिळालं तर बँडनेच सांगून नाव काढून घेतलं. पगार पोस्टातून येतो म्हटल्यावर अल्बम किती खपेल याची काळजी नाही, टूर नाही, कंपनीचं ऐकणं नाही. म्हणूनच 2006 च्या कल्ट इज अलाइव्हमध्ये ते सरळ पंककडे वळू शकले, जुने फॅन चिडले तर चिडले. नव्वदच्या दशकात त्याने आयसेनगार्ड या त्याच्या एकट्याच्या बँडमध्ये लोकसंगीताच्या वळणाचं केलं, नेपच्यून टॉवर्स या दुसऱ्यामध्ये नुसतं सिंथवरचं संथ संगीत केलं, आणि वर बँड ऑफ द वीक म्हणून दुसऱ्यांचे नवे, कुणी न ऐकलेले बँड लोकांपुढे आणत राहिला. नोकरी करतो म्हणजे हरला असं ज्याला वाटतं त्याने आपल्याकडे दिवसा बँकेत काम करून रात्री तालमीला जाणारे नाटकवाले बघितलेच नसतील.

ज्या तिघांनी तो मजकूर पाठवला त्यांना मी उलट दोनच गाणी पाठवलीत, सोलसाइड जर्नीतलं पहिलं क्रोमलेक आणि लगेच त्यापाठोपाठ ट्रान्सिल्व्हेनियन हंगरचं पहिलं. हेडफोन लावून, याच क्रमाने ऐका म्हटलंय. एकाचा रात्री साडेअकराला मेसेज आला, दोन्हीकडे ड्रमवर एकच माणूस आहे का रे?