पेढीवरचा फोन आणि केळीचा भाव

खेड्यातल्या फोन-रेडिओवरचा एक लेख वाचला. मोबाइलमुळे शेतकरी पहिल्यांदा बाजाराशी जोडला गेला, असं त्यात म्हटलंय. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या आमच्या गावाचा अनुभव वेगळा आहे. केळीच्या वॅगनी सावदा-रावेरहून दिल्लीला जायच्या, पण तिथला भाव आधी कळायचा व्यापाऱ्याला, कारण फोन त्याच्याच पेढीवर. ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरनं जोडून द्यायचा परगावचा फोन, बुक करायचा, किती घाईचा, म्हणजे ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं, नि वाट बघायची. आबा त्या पेढीच्या ओट्यावर तासन्‌तास बसलेले मी पाहिलेत. देशात पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची सोय, लखनौ-कानपूर दरम्यान १९६० सालीच सुरू झाली. पण आमच्याकडे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला तेव्हा मी कॉलेजात होतो. तिथून आबांनी स्वतः दिल्लीचा भाव विचारला. त्या दिवशी व्यापाऱ्याशी बोलताना त्यांचा आवाज वेगळाच होता.

रेडिओवर मात्र लेखात एकच वाक्य, याचं वाईट वाटलं. माझी माय धुळ्याकडची. जळगाव आकाशवाणीवर अहिराणी गाणं लागलं की चुलीपुढून उठून यायची. तीच बोली शाळेत तोंडून निघाली की आम्हाला गुरुजी रागवायचे! यावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.