दहावीची बोर्ड परीक्षा रद्द झालेली नाही

केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले, तेव्हापासून एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नववीच्या पालकसभेत दरवर्षी कोणी ना कोणी तो मला दाखवतेच. त्यातील दावे थोडक्यात असे : दहावीचे बोर्ड संपले, आता फक्त बारावीला बोर्ड, महाविद्यालयात एक वर्ष केले तरी प्रमाणपत्र आणि दोन वर्षांना पदविका, एम.फिल. (एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली संशोधन पदवी) बंद, त्यामुळे एम.ए. झालेल्यांना आता थेट पीएच.डी.; पाचवीपर्यंत फक्त मातृभाषेतून शिक्षण. यातले बरेच शब्द धोरणातूनच उचललेले असल्यामुळे संदेश खरा वाटतो.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. धोरणाने शालेय शिक्षणाची विभागणी 5+3+3+4 अशी केली आणि नववी ते बारावी हा चार वर्षांचा एक टप्पा मानला. टप्पा एकच, म्हणजे मधली परीक्षा गेली, असा अर्थ संदेश लिहिणाऱ्याने काढला. प्रत्यक्षात दहावी आणि बारावी या दोन्ही बोर्ड परीक्षा चालू राहतील, असे त्याच धोरणात स्पष्ट लिहिले आहे. सुधारणा सांगितली आहे ती परीक्षेच्या स्वरूपात : घोकंपट्टीऐवजी आकलन तपासावे आणि विद्यार्थ्याला वर्षातून दोन संधी मिळाव्यात. त्याला अनुसरून सीबीएसईने 2026 पासून दहावीला दुसरी, ऐच्छिक परीक्षा देण्याची सोय केली. रद्द झालेल्या परीक्षेला दुसरी संधी कोण देईल? आपले राज्य मंडळही नऊ विभागीय मंडळांमार्फत दहावीची परीक्षा घेतच आहे. 2021 साली ती झाली नाही, पण त्याचे कारण करोना होते. नेमक्या त्याच काळात हा संदेश घरोघरी पोहोचलेला असल्याने अनेकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली असावी, असे मला वाटते. अकरावीचा प्रवेश, तंत्रनिकेतनाचा प्रवेश आणि आय.टी.आय.मधील बहुतेक अभ्यासक्रमांचा प्रवेश आजही दहावीच्याच गुणपत्रिकेवर होतो, आणि नववीत असताना ‘बोर्ड नाही’ असे ऐकून सैलावलेल्या मुलाला याची जाणीव होईपर्यंत वर्ष हातचे गेलेले असते.

दुसरा दावा अर्धा खरा आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, मात्र त्यासाठी 40 श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजमाप) आणि शिवाय उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यातील अट आहे. परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे लागते. हे प्रमाणपत्र पदवीच्या तोडीचे नाही. शिक्षणाच्या प्रत्येक पायरीला एक स्तर ठरवून देणाऱ्या 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात दहावी तिसऱ्या स्तरावर, बारावी चौथ्या, पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र 4.5 वर, तीन वर्षांची पदवी 5.5 वर, चार वर्षांची ऑनर्स पदवी सहाव्या आणि पीएच.डी. आठव्या स्तरावर आहे. जिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर मागितला आहे, तिथे 4.5 चा कागद चालणार नाही.

‘पदविका’ या शब्दानेही गोंधळ वाढवला आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे शिकून मिळणारी अभियांत्रिकी पदविका वेगळी. तिच्या आधारे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बी.ए. किंवा बी.कॉम. दोन वर्षांनी सोडल्यावर मिळणारी पदविका बारावीनंतरची आहे आणि ती हा दरवाजा उघडत नाही. नाव एक असले तरी वाटा दोन आहेत, हे प्रवेशाआधीच मुलांना सांगायला हवे.

एम.फिल. बंद झाले, हे खरे. परंतु एम.ए.नंतर थेट पीएच.डी. पूर्वीही करता येत होती, एम.फिल. ही त्यासाठी सक्तीची पायरी नव्हती. नवे आहे ते असे की, चार वर्षांची पदवी किमान 75 टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला पदव्युत्तर पदवीशिवायही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. बहुतेक घरांना उपयोगी पडेल अशी हीच बातमी संदेशात नाही.

मातृभाषेबाबत धोरणाचे शब्द ‘शक्य असेल तेथे’ असे आहेत. त्यात सक्ती नाही.