खरं टोक

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्टॅक पॉली या डोंगराची उंची ६१२ मीटर. आपला सिंहगड याच्या दुपटीहून उंच, त्यामुळे मी जरा मिजाशीतच होते. गाडी लॉख लर्गन तळ्याच्या काठाला लावायची, समोरची बांधीव पायवाट धरायची, की थोड्या वेळात धारेवर. परवा गेलो. धापा टाकत का होईना, पोचलो. पश्चिमेला समुद्रात सांडलेली समर आइल्स बेटं, उत्तरेला एकटाच उभा सुल्व्हन डोंगर, आजूबाजूला लालसर वालुकाश्माचे वेडेवाकडे सुळके. नवरा फोटो काढत सुटला.

तिथल्या खिंडीत एक आजोबा बसले होते. एवढ्या वाऱ्यात हाफपँट, हातात सँडविच, मांडीवर केसाळ टेरियर.

"मग, वर जाणार ना?"

"आलोच की वर."

चंद्रभागेत पाय बुडवून विठोबाला न भेटताच परत निघालेल्याकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सँडविचनेच पश्चिमेकडचं टोक दाखवलं. "खरं टोक ते. मधे एक अडचणीचा कातळ आहे, तेवढा हातापायांनी चढायचा."

"आणि खाली काय आहे?"

"हवा."

मी गप्प. त्यांना दया आली असावी. "बरेच जण इथूनच परततात हो," म्हणाले. सांत्वनाने माणूस जितका अपमानित होतो तितका शिवीने होत नाही. मग कुत्र्याची मान खाजवत पुढे, "हा मात्र जाऊन आलाय. सॅकमध्ये बसून."

कुत्र्याने माझ्या तोंडावर जांभई दिली.

या देशात डोंगर चढत नाहीत, जमा करतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली, तेव्हापासून लोक त्यावर खुणा करत हिंडताहेत. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत. स्टॅक पॉली त्यात नाहीच, ती बसते दोन यत्ता खाली, ग्रॅहम नावाच्या वर्गात. म्हणजे मी नापास झाले ते बालवर्गात.

आणि हे आधी सांगायला काय होतं? जो तो म्हणतो, सोपा डोंगर, पोराबाळांना घेऊन जा. त्या कातळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उतरताना वारा पडला आणि मिजेसची झुंड आली. या चिलटांना डासाइतकीही लाज नसते, सरळ पापणीच्या आत शिरतात. आजोबा आमच्या शेजारून टणाटणा उतरून गेले. सॅकमधून कुत्रा मागे बघत होता.

रात्री घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. सासूबाईंचं लगेच उत्तर, "समुद्र छान. पण त्यासाठी डोंगर कशाला? खाली गाव नाही का?"

आहे. अखिल्टिबुई. बेटं अगदी समोर दिसतात, थेट रस्ता जातो.

नवऱ्याने त्यावर अंगठा दिला.