तक्ता कन्नड, वाचणारं पोर मराठी

‘पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं की कुठलाही वर्गशिक्षक अध्ययन अक्षमता ओळखू शकेल’, हे तुमच्या लेखातलं वाक्य आमच्या कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत टिकायचं नाही. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचता-लिहिताना सतत येणारी अडचण. मी इथेच शिकवते. पोरं घरी मराठी बोलतात. शाळेत मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे तीन लिप्या. आम्हाला प्रशिक्षण मिळालं ते कन्नडमधून, लक्षणं नोंदवायला हातात दिलेला तक्ताही कन्नड. त्यावर खुणा करत गेलं तर निम्मा वर्ग अक्षम ठरेल! कन्नडमध्ये अडखळणारं पोर मराठी धडा घडाघडा वाचत असेल, तर त्याला फक्त सराव हवा. खरी अडचण मराठीतही दिसतेच: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा गोंधळ वरच्या वर्गात गेलं तरी सुटत नाही, जोडाक्षर फुटत नाही, काल वाचलेला शब्द आज पुन्हा नवा. आणि तोंडी विचाराल तर तेच पोर उत्तर बरोबर देतं. हे पाच दिवसांत कुणी सांगितलं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता लवकर हेरण्याची जबाबदारी शाळांवर आहे, हे तुम्ही नीट मांडलंत. पण हेरल्यावर पुढे? विशेष शिक्षक तालुक्याच्या गावी; कणकुंबी, जांबोटीकडच्या पोरापर्यंत ते भर पावसात कधी पोचणार? निदान पुढच्या प्रशिक्षणात मराठी उतारे आणि मराठी तक्ता द्या. हजेरीपत्रकावर सही आम्ही खुशाल कन्नडमध्ये करू.