कोंड्याला तेल पाजू नका

कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडणं, ही समजूत आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात फार पक्की आहे. दिवाळीनंतर थंड वारं सुटलं की घरोघरी खोबरेल तेल निघतं. रात्री चोपडायचं, सकाळी न्हायचं. खांद्यावरची पांढरी पूड दोन दिवस दिसत नाही, कारण ती तेलामुळे केसांनाच चिकटून बसते. मग खाज परत सुरू होते आणि आपण म्हणतो, तेल कमी पडलं.

खरं तर कोंडा तेलावरच पोसला जातो. मॅलॅसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते, रोज न्हाणाऱ्याच्याही. कातडीतून पाझरणारं तेल हे तिचं अन्न. ते खाऊन ती ओलेइक आम्लासारखी आम्लं मागे ठेवते. ज्यांच्या कातडीला ती सोसत नाहीत त्यांचं डोकं आतून चिडतं, पेशी घाईने तयार होतात आणि अर्ध्याकच्च्या अवस्थेत झडतात. म्हणून कोंडा वयात येताना सुरू होतो, आणि वाढला की भुवया, नाकाच्या कडा, कानामागेही दिसतो. तो फणीतून दुसऱ्याला लागत नाही. उवा आणि गजकर्ण मात्र लागतात, तेव्हा फणी वेगळी ठेवाच.

नुसता कोरडेपणाही असतो, नाही असं नाही. बंबातलं कढत पाणी आणि अंगाचा साबण डोक्याला लावला की बारीक, सुकी पूड पडते. पाणी कोमट केलं आणि साबण सोडला की ती थांबते. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरट थर केसांवर बसतो. तोही कोंडा नव्हे.

आता औषधाचं. मेडिकलमध्ये २ टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू मिळतो. बरेच जण तो आणतात आणि 'काही उपयोग झाला नाही' म्हणून फेकतात. चूक बहुतेक वेळा वापरात असते. डोक्याला तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने ते काढा, नाहीतर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. मग दोन छोटे चमचे औषधी शाम्पू घ्या, बोटांनी भांग पाडत पाडत कातडीला लावा; केसांच्या टोकांना त्याची गरज नाही. आणि पाच मिनिटं थांबा. घड्याळ बघून थांबा! अर्ध्या मिनिटात धुतलं तर बुरशीला काही होत नाही. असं आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. खाज दुसऱ्याच आठवड्यात जाते आणि इथंच लोक थांबतात, म्हणून महिन्याभरात कोंडा परत येतो. बुरशी कायमची जात नसते, तिला आवरून ठेवायचं असतं. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तोच शाम्पू चालू ठेवा. किटोकोनॅझोल मानवला नाही तर झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचा घ्या, पद्धत तीच.

लिंबू चोळू नका. खाजवून सोललेल्या कातडीवर ते झोंबतं, आणि रस लावून उन्हात गेलं तर कपाळावर काळे डाग पडतात. चिठ्ठीशिवाय मिळणारं 'खाजेचं मलम' तर त्याहून वाईट. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, आठ दिवस बरं वाटतं, आणि महिनोन्महिने वापरलं की कातडी पातळ होते.

केस वाढण्याबद्दलच्या समजुतीही तेलाभोवतीच फिरतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेल लावा किंवा लावू नका. तेलाने केसाची दांडी कमी घासते, कमी तुटते, म्हणून लांबी टिकते. तेवढ्यासाठी न्हाण्याआधी तासभर, टोकांना लावा. चकोट केल्यावर केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून जाड लागतं. रोज ५० ते १०० केस गळणं ठीक आहे. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस गळतात, तेव्हा दोष शाम्पूला दिला जातो. ते केस तापाच्या किंवा बाळंतपणाच्या वेळीच वाढ थांबून विश्रांतीत गेलेले असतात. बहुतेकांचे सहा महिन्यांत परत येतात. नाही आले तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

लहान मुलाच्या डोक्यावर चकत्या, तुटके केस दिसले तर ते गजकर्ण. त्याला पोटातून औषध लागतं, शाम्पूने भागत नाही. जाड, चंदेरी पापुद्रे केसांची हद्द ओलांडून कपाळावर आले, कोपरांवरही असले, तर सोरायसिस असू शकतो. दोन्हींसाठी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा.

आणि जट. यल्लम्मा देवीचा सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून हे बोललंच पाहिजे. देवीवर श्रद्धा जरूर असू दे, पण मुलीच्या डोक्यातली जट हे यल्लम्माचं बोलावणं नाही. न विंचरलेल्या केसांत तेल, घाम, कोंडा, उवांची घाण साचते, गुंता घट्ट होतो आणि 'कापली तर कोप होईल' या भीतीने वर्षानुवर्षं वाढू दिला जातो. याच समजुतीपायी मुली देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकात १९८२च्या कायद्याने तसं सोडणं गुन्हा आहे. जट कापल्याने कुणालाही काही होत नाही. उलट मानेवरचं ओझं जातं.

काढायची तर आधी मोकळे केस बाजूला बांधा. जट जड असेल तर एकाने ती हाताने तोलून धरावी. कातडी आणि कात्री यांच्यात एक बोट ठेवूनच कापा, कारण आत जखमा किंवा सूज असू शकते. मग कोमट पाण्याने धुऊन बघा. जखमा असतील तर उवांचं औषध लावायची घाई नको, आधी डॉक्टरांना दाखवा. कातडी नीट असेल आणि उवा दिसल्या तर १ टक्का परमेथ्रिन दहा मिनिटं लावून धुवा, आठवड्याने पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.