ग, ल आणि त्र

दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर घेऊन मी तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे गेलो, ही माझी चूक. रात्री जागून तो युनिकोडात टाइप करून नेला, ही त्याहून मोठी. पोराने फाइल उघडली, सगळं सिलेक्ट केलं आणि कृतिदेव हा फॉन्ट लावून मोकळा झाला.

"मराठी हाये ना सर? मंग कृतिदेवच."

मराठीला काही झालं नाही, युनिकोडात तिची घरं वेगळी. पण कृतिदेव पडला जुन्या वळणाचा. इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरी घुसवलेली. एक्सच्या घरात ग राहतो, वायच्या घरात ल, बरोबरच्या चिन्हात त्र आणि वजाच्या जागी टिंब. 'एक्स वजा वाय बरोबर ३' चं झालं 'ग . ल त्र ३'.

बाकावर नातीच्या लग्नपत्रिकेसाठी ताटकळलेले एक आजोबा होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते स्क्रीनवर वाकले.

"ग आन् ल. गजानन आन् लक्ष्मी का?"

"नाही हो, समीकरण आहे."

"तेच तं. सोयरीक. पन दोघाइच्या मंधात हे टिंब कायचं?"

"वजाबाकी."

"लग्नाआंधीच?" जरा थांबून, "आन् हे त्र?"

"बरोबर."

"बरोबर काय? म्या तं इचारून रायलो."

"अहो, बरोबरच!"

"मास्तर, तुमी पोराइले असंच शिकवता का बाप्पा?"

पोरगा खुर्चीतून पडायचा बाकी होता. मी म्हटलं, चलांना, म्हणजे एक्स-वायला, टाइम्स न्यू रोमन फॉन्ट लाव, आणि तिरका. साइन-कॉस तेवढे सरळ ठेव. "तिरका कायले? सरळ चांगला दिसते." अरे, सरळ एक्स आणि गुणिले पोरांना सारखेच वाटतात! आजोबांचं मत पडलं, की पत्रिकेत तिरकं बरं दिसत नाही.

१९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांना आपल्या पुस्तकाची मुद्रितं इतकी भिकार वाटली की त्यांनी गणिती मजकुराच्या जुळणीसाठी टेक् ही संगणक-प्रणालीच लिहिली, वर कॉम्प्युटर मॉडर्न हे टाइपही स्वतः घडवले. त्यात दहाएक वर्षं गेली. माझी चारची एसटी होती.

शेवटी समीकरणांच्या जागा कोऱ्या सोडून घेतल्या आणि आता घरी बसून पेनाने भरतो आहे. कोऱ्या जागेचेही पैसे लावले त्याने. शाळेकडे बिल दिलं तर मुख्याध्यापक विचारणार, हातानेच लिहायचं होतं तर टायपिंगचे कशाचे?

आजोबांची पत्रिका मात्र सुरेख निघाली. तपासायला मलाच दिली होती.