"काही नाही, जाऊ दे" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

सकाळी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते. मी फाइल घेऊन पलीकडच्या खिडकीशी उभी, बाबा बाकावर. नाव पुकारणाऱ्या मुलीच्या तोंडावर मास्क, मान कागदात, वर पंख्याची घरघर. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा ती ओरडलीच, "आजोबा, ऐकू येत नाही का?" बाकावरची दोन-तीन माणसं हसली.

नाही येत ऐकू. त्यासाठीच तर आलो होतो!

बाबा उठले. खिशातली चिठ्ठी काढली, परत ठेवली, परत काढली. बोटं थरथरत होती. आयुष्यभर शेकडो लोकांसमोर बोललेला माणूस, स्वतःच्या नावाची हाक चुकली म्हणून घामाघूम.

आणि लोक मला सांगतात, तुझे बाबा हल्ली फार टेन्शन घेतात. वयोमानानं होतं. स्वभाव झालाय. ध्यान लावायला सांग. एका डॉक्टरांनी तर कान न तपासताच रात्री घ्यायची गोळी लिहून दिली. झोप येत नाही, छातीत धडधडतं, चारचौघांत जायला नको म्हणतात, तर घ्या गोळी. अहो, पण का नको म्हणतात, हे विचारायचं कुणी?

कानाच्या आत कॉक्लिया नावाचा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी. माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. वयानुसार आधी जातात त्या बारीक, उंच आवाज पकडणाऱ्या. म्हणजे स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजनं जातात आणि भरदार स्वर मागे राहतात. आवाज येतो, शब्द येत नाही. 'साठ'चं 'आठ' होतं. मग माणूस दिवसभर गाळलेल्या जागा भरत बसतो, आणि प्रत्येक जागा चुकली तर समोरचा हसणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

अशा माणसाला चिंता लागणार नाही तर काय होईल?

बाबा फोन घ्यायचे बंद झाले, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की रुसलेत. रुसले नव्हते. फोनवर ओठ दिसत नाहीत. समोर माणूस असला की बाबा त्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघतात. एकटक. तेही पुरत नाही, कारण ओठांवर पान, बाण आणि मान सारखेच दिसतात. हा सगळा खटाटोप दिवसभर करून संध्याकाळी ते गळून जातात, चिडतात, लवकर आडवे होतात. मग म्हणे, बाबा तुसडे झालेत.

डॉक्टरांनी गोळी सात दिवस सांगितली की साठ, हे त्यांना आतमध्ये कळलं नव्हतं. परत विचारायची लाज वाटली. ती एक गोष्ट मनात घेऊन ते रात्रभर जागे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अशा रात्रीच्या शांततेत कानातला गुंईं आवाज जास्तच जाणवतो. आवाजानं चिंता वाढते, चिंतेनं आवाज वाढतो. आणि घाबरलेल्या माणसाला आणखीच कमी कळतं, कारण सगळं लक्ष 'आता काही चुकायला नको' यातच अडकलेलं असतं.

हे फक्त म्हाताऱ्यांचंही नाही. ऐकू येणं कमी होत चाललेल्या बीथोवन या संगीतकारानं 1802 सालच्या ऑक्टोबरमध्ये भावांना उद्देशून पत्र लिहिलं, तेव्हा तो तिशी नुकतीच ओलांडलेला होता. लोकांत गेलं की आपली अवस्था कुणाच्या तरी लक्षात येईल या भीतीनं जीव घाबरा होतो, असं त्यानं त्यात लिहिलंय. दोनशे वर्षांहून जास्त काळ झाला! जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आज जगात 43 कोटींहून जास्त लोकांना उपचार किंवा मदत लागावी इतकं कमी ऐकू येतं. तरी अजून आपण हसतोय.

मान्य आहे, सगळीच चिंता कानातून येत नाही. हेही मान्य की बाबा हट्टी आहेत, ऐकायचं मशीन डबीत ठेवतात. पण ते लावल्या लावल्या भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाज एकदम अंगावर येतो आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे मशीन देताना कुणी नीट सांगितलं का? आज दवाखान्यात आत कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. समोर बसून, सावकाश, बाबांकडे बघून. माझ्याकडे बघून नाही. एवढ्यानंच बाबांचे खांदे खाली आले, मी बघितलं. चिठ्ठीची घडी त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि स्वतःहून प्रश्न विचारले.

सकाळचा राग निम्मा तिथंच गेला माझा.

उरलेला राग "काही नाही, जाऊ दे" या वाक्याचा आहे. बाबा "काय म्हणालात?" विचारतात आणि समोरचा हात झटकून म्हणतो, काही नाही, जाऊ दे. सगळे कशावर तरी हसत असतात आणि त्यांना वाटतं, आपल्यावरच हसतायत. पुढच्या वेळी ते विचारतच नाहीत. नुसती मान हलवतात. त्यापुढच्या वेळी येतच नाहीत.

ज्यांच्या घरी कुणाला चिंतेची गोळी सुरू आहे आणि टीव्हीचा आवाजही वाढलाय, त्यांनी आधी ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, काढून घ्या. दुखत नाही, फार वेळ जात नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद मात्र करू नका.

दादा, हे तुझ्यासाठी, वाचशील म्हणून. बाबांना साधा फोन करू नकोस, व्हिडिओ कॉल कर. तोंडावर उजेड येईल असा बस, मागे खिडकी नको. ओरडू नकोस, ओरडल्यानं स्वरच मोठे होतात आणि त्यांच्या कानाला ते टोचतं. आधी विषय सांग, मग बोल. आणि त्यांनी "काय?" म्हटलं तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत परत सांग, कितीही वेळा लागलं तरी.